वृषालीच्या मशीनची दुपार

पहाटे साडेचारला वृषालीचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागायचा नाही. गोठ्यातली म्हैस उठून साखळी वाजवायची, तेवढं पुरायचं. चूल पेटवायची, पाणी ठेवायचं, शेणघाण काढायची, भाकरी थापायच्या, आरोहीला अंगणवाडीसाठी उठवायचं. आणि या सगळ्याच्या मधे एकदा पदराला हात पुसत मधल्या खोलीत जाऊन मशीनच्या, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरच्या, पडद्याकडे बघायचं.

पहाटे पडद्यावर सगळं ठीक असायचं. रात्रभर लावून ठेवलेली परीक्षा बिनचूक चाललेली असायची. घोटाळा व्हायचा तो दुपारी, आणि दुपारी वृषाली घरी नसायची.

वृषाली मूळची मढची. माळशेजच्या वाटेवरचं गाव. भातखाचरं, पावसाळाभर ओल, हिवाळ्यात हाडात शिरणारा गारठा. दिली लोणीला. इकडे माळ, कांदा, ज्वारी, आणि शिमगा झाला की भाजायला लागणारं ऊन. बारावीनंतर तिनं नारायणगावला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्न झाल्यावर एसटीनं मंचरला जाऊन कपिलभाऊच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं काम शिकली. शिकली म्हणजे नुसती कापाकापी नाही. टोपी-टॉवेल कोणाकोणाला दिला, स्टेजवर कोणत्या मामाचं नाव आधी पुकारलं, कोणती आत्या रुसून मागं बसली होती, हे ती नीट बघायची आणि व्हिडिओत कुणाचा मान खाली पडू द्यायची नाही. कपिलभाऊ म्हणायचा, "वहिनींनी केलेलं लग्न घेऊन भांडायला कुणी येत न्हाई." आरोही झाली आणि मंचरचं जाणं-येणं थांबलं.

आता कपिलभाऊ घरी काम द्यायला तयार होता. तो स्वतः मोटारसायकलवर लोणीला आला, ओट्यावर बसून चहा प्याला आणि त्यानं अट घातली.

"वहिनी, मागल्या साली एकाला दिलं व्हतं घरी. ऐन सीझनात त्याचं मशीन बसलं. बसलं ते बसलं, पण हळदीच्या व्हिडिओत नवरीचं तोंडच हिरवं! पार्टीनं माझी गचांडी धरली, राव. तुमचं मशीन टिकतं हे मला दाखवा, मग काम तुमचं."

"दाखवू म्हणजे कसं?"

"तीन तासांचं एक लग्न देतो. भर दिवसा त्याचा पुरा व्हिडिओ दोनदा काढायचा. दोन्ही वेळी अगदी सारखं आलं पायजे, आन् मधे एकदाबी अडकायचं न्हाई. अक्षय तृतीयेच्या आत. न्हाई जमलं तर शिरूरच्या पोराला अख्खा सीझन देऊन टाकतो. मला बी थांबता येत न्हाई."

वृषाली हो म्हणाली. हे काम हातचं गेलं तर पुढं काय, ते तिला माहीत होतं. पुन्हा दुसऱ्याच्या वावरात वाकून पात छाटत कांदा काटणं, आणि शिकलेलं हळूहळू विसरत जाणं. तिला कांदा काटायची लाज नव्हती. त्यात तिचा हात चालायचा. पण एक काम येत असताना ते करता येऊ नये, हे तिला सोसत नव्हतं.

मशीन पौषात माहेरी जोडलं होतं. तिचा भाऊ सुदर्शन यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक पार्ट जमवून आणला. प्रोसेसर जुनाच. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगानं चालवला तर एक लग्न बाहेर काढायला रात्र जाऊन दुसरा दिवसही अर्धा जायचा. तेवढ्यात कपिलभाऊचं भागत नव्हतं. म्हणून दोघा बहीण-भावांनी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायला लावला. हे करणं अवघड नाही. चार आकडे बदलले की झालं. अवघड पुढचं असतं. तो त्या वेगानं खरंच नीट काम करतो, की नुसता करतोय असं दाखवतो, हे सिद्ध करायचं असतं. बंद पडला तर निदान कळतं. बंद न पडता मधेच एखादं गणित चुकला तर नवरीचं तोंड हिरवं होतं.

त्यासाठी एक प्रोग्राम असतो. तो प्रोसेसरला न थांबता गणितं घालत राहतो. उत्तरं त्याला आधीच माहीत असतात. आलेलं उत्तर जुळलं की हिरवी ओळ, चुकलं की लाल. मढला हिरव्या ओळी मोजता येणार नाहीत इतक्या आल्या, लाल एकही नाही. सुदर्शन म्हणाला, "ताई, हे मशीन आता माळशेजचा घाट चढंल."

लोणीत आणल्यावर त्याच वेगावर रोज दुपारी लाल ओळ यायला लागली.

सासूबाई प्रयागबाईंच्या तोंडात दात उरले नव्हते; ओट्यावर बसून चहात भाकरी कुस्करता कुस्करता त्या म्हणाल्या, "माहेरी गुणाचं, सासरी रुसतंय. मला वाटलं तू एकटीच हाईस तसली."

"आत्या, मी कधी रुसले?"

"पयलं वरीस आठव."

वृषाली हसली. तिनं विचारलं, "दुपारी कुणी हात लावतं का हो मशीनला? आरोही बिरोही?"

"कुनी न्हाई. आरोहीला मी तिकडं फिरकू देत न्हाई. आन् मी तर त्या बटनाकडं बघतसुदिक न्हाई."

प्रयागबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. वृषालीनं तो विषय सोडला.

नवरा अमृत पिकअप चालवायचा. लोकांचा कांदा मंचरच्या आणि चाकणच्या मार्केटला न्यायचा. त्यानं संध्याकाळी जेवताना आपलं मत सांगितलं. "कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त पळवलं तर दमणारच. प्रत्येक गोष्टीची एक कपॅसिटी असते. मी कधी गाडीत जास्त माल भरतो का?"

"रोज भरता."

अमृतनं भाकरीचा तुकडा मोडला. "त्ये वेगळं."

पहिला संशय विजेवर होता. दुपारी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा मंदावतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. वृषालीनं सुदर्शनकडून त्याचा यूपीएस मागवून घेतला आणि मशीन त्याच्यावर लावलं. लाल ओळ आलीच. मग तिनं प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट खरवडून काढली, नवी लावली, वरचा पंखा पुन्हा घट्ट बसवला. लाल ओळ. मग वेग एक पायरी खाली आणला. लाल ओळ.

ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. कामात घाई असली की माणूस इथंच चुकतो. सगळं एकदम बदलतो आणि नशिबानं चाललं तर तेवढ्यावर खूश होतो. वृषालीला नशिबावर चाललेलं मशीन नको होतं. मशीन टिकतं असं कपिलभाऊला सांगायचं, तर ते कशानं टिकतं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

शेवटी तिनं वेग पार कंपनीच्या आकड्यावर नेऊन ठेवला आणि कामाला गेली. संध्याकाळी आली तर सगळ्या ओळी हिरव्या. पण कामाचा उरक मात्र बैलगाडीसारखा. या चालीनं लग्नाचा सीझन निघणार नव्हता.

अमृत म्हणाला, "बघ. मी काय सांगत व्हतो?"

वृषाली त्याच पडद्यावरचा दुसरा आकडा बघत होती. दिवसभरात प्रोसेसर जास्तीत जास्त किती तापला, ते तिथं येतं. आकडा नव्वदीच्या वर होता.

"हे कसं?" ती म्हणाली.

"उन्हाळा हाय."

"उन्हाळा आहे. पण आज तर ह्याला मुद्दाम हळू चालवलाय. मढला याहून कितीतरी जोरात पळत होता, तेव्हा सत्तरीच्या खाली होता. मढ गार, लोणी गरम, कबूल. हवेतला फरक वीस धरा. पण आज वेगाचा ताप गेला ना? मग आकडा खाली का नाही आला?"

अमृतला हिशेब कळला नाही, पण बायकोचा आवाज बदललेला कळला. "म्हंजे?"

"म्हणजे दोष वेगाचा नाही. दुपारी इथं दुसरंच काहीतरी होतंय. मला दुपारी घरी बसायला पाहिजे."

आणि हेच जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या आळीत कांदा काटणीला सावड असायची. आज सगळ्यांनी मिळून याचं वावर, उद्या त्याचं. मजुरी कोणी कोणाला देत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. वृषालीचं स्वतःचं रान आधीच निघालं होतं, म्हणजे आता ती सगळ्या आळीची देणेकरी होती. ताप आला तरी सावडीला माणूस पाठवावं लागतं. न पाठवलं तर पुढल्या साली आपल्या बांधावर कोणी पाय ठेवत नाही.

"मी जातो," अमृत म्हणाला. "उद्या गाडीला भाडं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची झुंबरबाई विळा घेऊन हाक मारायला आली, तर दारात डोक्याला टॉवेल बांधून अमृत.

"आगं बया! वृषे, ह्यो काय दिलास?"

"आज हाच आहे, मावशी. सांभाळून घ्या."

"वाकता येतं का रं तुला? का इस्टेरिंग लावून देऊ कांद्याला?"

"येतं की."

"बघू. दुपारपर्यंत कंबर धरून बसला तर अर्धाच दिस धरनार बरं का आमी."

हसण्याचा आवाज बांधापर्यंत ऐकू येत राहिला.

वृषालीनं मशीन पुन्हा मढच्या वेगावर नेलं. परीक्षा लावली आणि समोर पाट घेऊन बसली. सकाळ हिरवी गेली. ऊन चढलं, पत्रा तडतडायला लागला, मोटारी सुरू झाल्या, पंखा मंदावला. तापमान चढत गेलं, पण एका जागी येऊन थांबलं. ऐंशीच्या अलीकडे. लाल ओळ नाही. जेवणाची वेळ झाली तरी नाही. आता तिला भलतीच भीती वाटायला लागली. रोज चुकणारं मशीन आपण बघत असताना चुकत नसेल, तर त्यात सापडणार काय? ती आरोहीला आणायला अंगणवाडीत गेली. वाटेत अंगणवाडीच्या बाईंशी दोन शब्द झाले. परत आली तोवर वारा सुटला होता. चैत्रातला तो रोजचा वारा. खळ्यावर पसरलेल्या कांद्याची टरफलं उचलतो आणि खिडकीतून घरभर करतो.

मधल्या खोलीत ती शिरली आणि दारातच थांबली.

मशीनवर गोधडी होती. लहान, चौकोनी, जुन्या लुगड्याची, चार पदरी, बारीक टाक्यांची. प्रयागबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या होत्या आणि गोधडीची कडा खाली ओढून मशीनच्या चारी बाजूंनी नीट खोचत होत्या. तान्ह्या पोराला निजवताना खोचतात तशी.

"आत्या."

"आलीस? आगं, वारा सुटला. समदी धूळ त्याच्या नाकातोंडात जाती. मी रोज झाकते. तू बसली व्हतीस म्हनून मघाशी आले न्हाई, उगं तुझ्या मधी मधी कशाला."

वृषाली पडद्याकडे गेली. आकडा नव्वदीकडे निघाला होता. बघता बघता तो पलीकडे गेला, आणि हिरव्या ओळींच्या खाली एक लाल ओळ आली.

ती तिथंच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. प्रयागबाई घाबरल्या.

"काय झालं? काय झालं गं?"

"आत्या, रोज झाकता? मग मी येते तेव्हा कधी दिसली नाही ती गोधडी."

"दिसंल कशी? दिवेलागणीच्या आधी काढून घेती की. ओट्यावर बसायला लागती मला." मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "माझ्यामुळं व्हत व्हतं व्हय? पर तू ईचारलंस तवा मी खरंच सांगितलं. हात न्हाई लावला. वरून घातली निस्ती."

"खरंच सांगितलं तुम्ही. माझंच विचारायचं चुकलं." वृषालीनं गोधडी काढली. त्यांचा तळहात धरून मशीनच्या वरच्या जाळीवर नेला. आतून गरम झोत येत होता.

"हे त्याचं नाक, आत्या. इथूनच श्वास बाहेर टाकतं. झाकलं की कोंडतं. कोंडलं की तापतं, आणि तापलं की हिशेब चुकतं."

प्रयागबाईंनी हात झोतावर थोडा वेळ तसाच धरला. "लई दमलंय की गं लेकरू," त्या म्हणाल्या. "आन् मी वरून पांघरून घालते." मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "पर धुळीचं काय? ती बी वाईटच असंल की."

"वाईटच."

"मंग झाकायची ती खिडकी. मशीन कशाला?"

प्रयागबाईंनी पेटीतून एक जुनं धोतर काढलं. विरळ सुताचं, वारा जाईल पण टरफल जाणार नाही असं. दोघींनी मिळून ते खिडकीला बांधलं. संध्याकाळी अमृत कंबर धरून घरी आला तेव्हा दोघी ओट्यावर चहा पीत बसलेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मी वाकलो ते वाया न्हाई गेलं."

"न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या. "झुंबरी काय म्हनली? पुरा दिस धरला का?"

"पाऊन."

कारण सापडलं म्हणजे काम झालं, असं वृषालीनं धरलं नाही. आधीच्या सगळ्या परीक्षा आता बिनकामाच्या होत्या, कारण त्या गोधडीखालच्या होत्या. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. वेग मढचा ठेवला नाही. एक पायरी खाली घेतला. चैत्रात टिकलं म्हणून वैशाखात टिकेलच असं नाही, आणि सुदर्शननं शोधलेला वेग हा मशीनच्या ताकदीचा शेवट होता. शेवटच्या काठावर रोजचं काम करता येत नाही. खिडकीला धोतर तसंच ठेवलं, कारण पुढंही ते तिथंच राहणार होतं. पंखा, फ्रीज, मिक्सर, सगळं घर रोजच्यासारखं चालू ठेवलं. ज्या परिस्थितीत मशीन राबणार, त्याच परिस्थितीत त्याला तपासायचं.

दुपारी वारा सुटला, धोतर शिडासारखं फुगलं, टरफलं त्यावर आपटून खाली पडली. आकडा ऐंशीखाली राहिला. त्या दिवशी लाल ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिनं पुढं जड गणितं थांबवून मशीनला मधेच मोकळं सोडून पाहिलं, मधेच एकदम कामाला जुंपून पाहिलं, कारण काही मशीन जोरात असताना टिकतात आणि श्वास घेतानाच ठेचकाळतात. हे ठेचकाळलं नाही. ती सावडीला गेली, आली, पडद्याकडे बघितलं, पुन्हा गेली. एका संध्याकाळी तिला जाणवलं, की दारातून आत येताना आपली छाती धडधडत नाही.

मग तिनं कपिलभाऊचं लग्न काढायला घेतलं. एकदा काढलं. दुसऱ्यांदा काढलं. दोन्ही फायली प्रोग्रामला ताडून बघायला सांगितल्या. एका कणाचाही फरक नव्हता.

कपिलभाऊ अक्षय तृतीयेच्या आधी आला. त्यानं खिडकीचं धोतर बघितलं, मशीनवर हात ठेवला, दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून अधूनमधून थांबवत बघितले. हळदीपाशी तो फार वेळ थांबला. नवरीचं तोंड हळदीसारखंच पिवळं होतं.

"वहिनी, आता ह्ये बंद पडनार न्हाई अशी ग्यारंटी?"

"ग्यारंटी कसलीच नसते, भाऊ. पण लोणीच्या उन्हात, ह्या खोलीत, ह्या वेगावर मी याला चुकवायचा खूप प्रयत्न केला. मला जमलं नाही."

कपिलभाऊनं पिशवीतून हार्डडिस्क काढून समोर ठेवल्या. एक, दोन, तीन. "पयली राजुरीची हाय. पाटलाकडचं लग्न. टोपी-टॉवेलवाले दीडशे हायेत, एक जरी सुटला तरी मला गावात शिरता यायचं न्हाई."

"सुटणार नाही."

तो गेल्यावर प्रयागबाईंनी त्या डबीएवढ्या हार्डडिस्क निरखून बघितल्या. "दीडशे मानसं ह्याच्यात?"

"आणि बँडवाले वेगळे."

वैशाख गेला, ज्येष्ठाचे मुहूर्तही गेले. वृषाली पहाटे उठायची, चूल पेटवायची आणि रात्रभर शिजलेलं लग्न उतरवून दुसरं चढवायची. दुपारी ती पुढच्या लग्नाचे तुकडे जुळवायला बसायची. ऊन मरणाचं होतं. मशीन एकदाही अडखळलं नाही.

सुरुवातीला तिनं मनाशी ठरवलेलं होतं, की सीझनचे पैसे आले की आधी नवा प्रोसेसर घ्यायचा. जुन्याच्या जिवावर किती दिवस काढणार? पैसे हातात आले तेव्हा तिनं अमृतला विचारलं. तो म्हणाला, "घे की. तुझ्या कष्टाचं हाय." तिनं मशीनकडे बघितलं. त्याला बदलायचं काही कारण तिला सापडेना. जे तपासून पारखून बसवलंय ते चालू द्यायचं.

मग तो पैसा मोकळा राहिला. आषाढ लागायच्या आत एका सोमवारी ती प्रयागबाईंना अमृतच्या पिकअपमधे पुढं बसवून मंचरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मापं घ्यायला दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला वर-खाली पुरी कवळी बसली. प्रयागबाई दिवसभर तोंड मिटून गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा ओटीत घेतल्या, एकेक फोडून चावून खाल्ली, आणि टरफलं पुढ्यात साठत गेली.